हाउगेन सरांची बिनआवाजी सायकल

हाउगेन सरांना एल्क नावाच्या थोरल्या सांबराच्या शिकारीचा परवाना लागला आणि त्यांचा उजवा गुडघा बदलावा लागला, या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात घडल्या. परवाना लॉटरीत लागला होता. मोंटानातल्या त्या डोंगरपट्ट्यात मोठ्या शिंगांचा नर मारायची परवानगी दरसाल मूठभरांनाच मिळते, आणि सरांची मुलगी दुधाचे दात पाडत होती तेव्हापासून ते त्या मुठीत शिरायची खटपट करत होते. मुलगी दातांची डॉक्टर होऊन शहरात दवाखाना थाटून बसली, तेव्हा कुठे सरांचं नाव निघालं. गुडघ्याचं नाव मात्र पहिल्याच फेरीत निघालं.

"सपाटीवर हवं तेवढं चाला," डॉक्टर म्हणाला. "चढण नको, पाठीवर ओझं नको."

"आणि एल्क?"

"एल्क सपाटीवर येत असेल तर माझी काही हरकत नाही."

हाउगेन सर गावच्या शाळेचे उपमुख्याध्यापक. बक्षिसं मुख्याध्यापकांनी वाटायची आणि शिक्षा उपमुख्याध्यापकांनी, अशी शाळेतली जुनी वाटणी होती. त्यामुळे गावातले निम्मे पुरुष कधी ना कधी सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेले होते. असा माणूस गेले तीन हंगाम रिकाम्या हातानं घरी येत होता आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या मांसावर हिवाळा काढत होता. शेजारी ते आनंदानं देत, हेच सरांना जास्त लागायचं.

सर्वांत जास्त आनंदानं देणारा म्हणजे पलीकडच्या घरातला ऑर्विल नायगार्ड. ऑर्विलकडे खेचरं होती, त्यातलं थोरलं सिनेटर नावाचं, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर खेचर हेच असे.

"सिनेटरला घेऊन जा," तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला. "सगळ्या वाटा पाठ आहेत त्याला. तू नुसता बसून राहा."

"मागच्या वेळी बसलोच होतो, ऑर्विल. त्यानं मला पाइनच्या झाडाला घासत नेलं."

"तू लगाम धरतोस तो पोराचा कान धरल्यासारखा. तो स्वाभिमानी आहे."

स्वाभिमानी सर पण होते. त्यांनी खेचराला नकार दिला. त्याच आठवड्यात समोरच्या डेल प्रूएटनं त्यांना फोनवर एक चित्र दाखवलं. डेल रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि जे जे आपण कधी केलेलं नाही त्या सगळ्यातला जाणकार. चित्रात एक दाढीवाला माणूस बॅटरीवर चालणाऱ्या सायकलवर बसून बर्फातून डोंगर चढत होता. टायर इतके जाड, की सायकलनंच दोन रानडुकरं गिळली असावीत. पाठीला रायफल, मागं एकचाकी गाडा, गाड्यात शिंगं.

"आवाज शून्य!" डेल म्हणाला. "जनावराच्या कानाशी जाऊन नमस्कार घातलास तरी त्याला कळणार नाही."

सरांच्या पत्नीनं, लोर्नानं, ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"तो माणूस तिशीतला आहे, वेंडेल."

"दाढीमुळे तसा वाटतो," सर म्हणाले आणि सायकल मागवली.

सायकल खोक्यातून आली ती सुटी. माणसाच्या घरात गॅस गळत असेल, छप्पर उडालं असेल, तर शेजारी दाराशी येतील की नाही सांगता येत नाही. पण तो गॅरेजचं दार उघडं टाकून सायकल जोडतोय म्हटल्यावर ते कॉफीचे मग घेऊन येतात आणि बसायला उलट्या बादल्या शोधतात. डेलनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की त्या रानात अस्वलं फार, तेव्हा हँडलला मोठी घंटा हवीच. अस्वलाला आधी कळलं की ते आपणहून बाजूला होतं.

"आणि एल्कला कळलं तर?" सरांनी विचारलं.

"एल्कसाठी घंटा काढायची."

"आणि कुठलं जनावर येतंय ते मला कसं कळणार?"

यावर डेल म्हणाला, की अनुभवानं कळतं. ऑर्विल फक्त एकदाच बोलला. खेचर जोडावं लागत नाही, असं म्हणून कॉफी संपवून गेला.

पहिली फेरी सरांनी शनिवारी सकाळी काढली, गाव झोपलेलं असेल या हिशेबानं. उजव्या मुठीशी अंगठ्यानं दाबायची एक कळ होती. ती दाबली की पेडल न मारता गाडी पळे. आता माणूस दचकला की काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो. आणि घट्ट धरलं की अंगठा कळीवर. वळणावर एक कुत्रा भुंकला, सर दचकले, गाडीनं वेग घेतला. वेगानं सर आणखी दचकले. उतारानं ते थेट शाळेच्या फुटबॉलच्या मैदानात शिरले. तिथं सराव चालला होता. सर त्या बिनआवाजी वाहनावरून, पाठ ताठ ठेवून, दोन्ही संघांच्या मधून आरपार गेले.

"डावीकडून मोकळं आहे, सर!" कुणीतरी ओरडलं. मागून टाळ्यांचा गजर झाला.

सोमवारी शाळेत त्यांच्याकडे कुणीही वर मान करून पाहिलं नाही. त्यावरूनच सगळ्या शाळेला कळलंय हे सरांना कळलं.

खरी अडचण पुढं होती. सर नियमाचा माणूस, त्यामुळे ते आपणहून जंगल खात्याच्या कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाई सौम्य होत्या. सौम्य माणसाशी भांडता येत नाही, हा सरकारी कार्यालयातला मोठा त्रास आहे.

"मोटर आहे का तिला?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण पेडलही आहे."

"पेडल असू द्या. मोटर आहे म्हणजे आमच्या लेखी ती मोटारगाडी. मोटारीच्या रस्त्यावर न्या. फाटकापलीकडे नाही."

"रस्त्यांचं खातं म्हणतं ती सायकल आहे, तिला नंबरप्लेट लागत नाही."

"त्यांच्या लेखी सायकलच आहे ती," बाई समजुतीनं म्हणाल्या. "रस्त्यावर ती सायकल, जंगलात मोटार."

"म्हणजे जिथं माझी जीप जाते तिथंच ही जाणार, आणि जीप जिथं जात नाही तिथं हीसुद्धा नाही?"

"अगदी बरोबर समजलात," बाई म्हणाल्या. समजावून सांगितलेलं एखाद्याला पटकन कळलं की होतो तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. हाच आनंद आपणही पोरांना शिक्षा समजावताना दाखवतो, हे सरांच्या ध्यानात आलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

आता उरली खाजगी जमीन. डोंगराच्या पायथ्यापासून जंगलाच्या कुंपणापर्यंतचं सगळं कुरण थोरा स्टेन्सरुड या म्हातारीचं. ऐंशीच्या घरातली, नवरा गेल्यावर गुरं एकटीनं सांभाळणारी. तिच्या जमिनीत कुठलं चाक फिरवायचं हे ती ठरवणार, खिडकीपलीकडच्या बाई नाहीत. मात्र थोराबाई शिकाऱ्यांना दारात उभं करत नाही अशी ख्याती होती. सर लोर्नानं भाजलेली सफरचंदाची गोड पाई घेऊन गेले.

"तू त्या फुटबॉलच्या मैदानातला ना?" थोराबाईनं दार उघडल्याबरोबर विचारलं.

"तो मीच."

"ये आत."

तिनं पाई कापली, खाल्ली, आणि सायकलभोवती एक फेरी मारली. टायरला काठीनं टोचून पाहिलं.

"ओझं किती ओढते ही?"

"एल्कच्या दोन मांड्या आरामात ओढेल."

"मग येताना एल्क ओढ. जाताना माझं मीठ ओढ. वरच्या हौदाजवळ गुरं आहेत अजून, यंदा बर्फ उशिरा पडतंय. मिठाचे ठोकळे लाकडी गव्हाणीत ठेवायचे. आणि हौदावर बर्फ धरलं असेल तर फोडायचं."

"थोराबाई, मी शिकारीला चाललोय. चुपचाप जायला हवं."

"मीठ कुठं ओरडतं?"

सरांनी गव्हाणी नेमकी कुठं आहे ते विचारून घेतलं.

परवान्यातल्या शेवटच्या रविवारी सर निघाले. अंगात नारिंगी जाकीट, पाठीला रायफल, मागच्या गाड्यात मिठाचे जड ठोकळे. थंडी बेताची होती. सायकल खरोखर चुपचाप चढत होती, गुडघा तक्रार करत नव्हता, आणि पहिल्या टेकाडापर्यंत सरांना त्या दाढीवाल्या माणसासारखं वाटलं. मग डावीकडच्या झुडपातून एका काळ्या गाईनं मान वर केली.

थोराबाईच्या गुरांना मीठ आणणारी गाडी ठाऊक होती. ती मोटार असो की सायकल, याबाबत त्यांच्यात खात्याखात्यांसारखा मतभेद नव्हता. काळी गाय हंबरली. तिला उजवीकडून उत्तर आलं. सरांनी मागं पाहिलं तेव्हा चार गाई चालत होत्या. पुढच्या वळणावर पाहिलं तेव्हा मोजायची सोय राहिली नव्हती, आणि त्या चालतही नव्हत्या. अख्खा कळप दुडक्या चालीनं, शेपट्या उडवत, हंबरत, दगड गडगडवत सरांच्या मागं लागला होता. सरांनी अंगठा दाबला. गाईंनीही वेग वाढवला.

दरीपलीकडच्या रस्त्यावर दोन शिकारी गाडी थांबवून कॉफी पीत होते. त्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या आणि मग टोप्या काढल्या. सरांनी पाठ ताठ ठेवली. उपमुख्याध्यापकाला मिरवणूक नवी नसते; पण ती एरवी त्याच्या मागून शिस्तीत येते.

हौद गाठल्यावर त्यांनी सायकल हौदालगत स्टँडवर लावली, गाई अंगावर येत असताना ठोकळे गव्हाणीत टाकले, हौदावरचं पातळ बर्फ दगडानं फोडलं आणि थोड्या वरच्या खडकांआड जाऊन बसले. त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. आता कुठला एल्क येतोय! परवान्याचं गेलंच, असं त्यांनी मनाशी धरलं. डबा उघडून सँडविच काढलं.

सँडविच अर्ध्यावर असताना वरच्या देवदारांतून नर खाली आला.

तो असा आला, जणू कुरण त्याच्या वडिलांचं होतं. शिंगं मागं टेकवत त्यानं कुंपण ओलांडलं आणि थेट गव्हाणीशी जाऊन, दोन गाईंना खांद्यानं बाजूला सारून, मीठ चाटायला लागला. अशी शिंगं सरांनी फक्त दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांत पाहिली होती. मधे झाड नाही, वारा नाही. सरांनी रायफल खांद्याला लावली. गाई जरा हलल्या, नर मोकळा झाला.

आणि सरांना आठवलं, की हे मीठ आपण आणलंय.

आमिष ठेवून शिकार करायची नाही हा नियम. मीठ म्हणजे आमिष. ते ठेवलं कुणी? वेंडेल हाउगेननं, स्वतःच्या हातानं, अर्ध्या तासापूर्वी. मीठ गाईंचं होतं हे खरं. पण 'सर, ते दुसऱ्याचं होतं' हे वाक्य बाकावर बसलेल्या किती पोरांकडून त्यांनी ऐकलं होतं, आणि एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. फोनला रेंज नव्हती. विचारायला कुणी नव्हतं. बघायलाही कुणी नव्हतं, आणि नेमकं त्यामुळंच त्यांना गोळी झाडवेना.

त्यांनी रायफल खाली घेतली. इतकी वर्षं वाट पाहिलेलं जनावर समोर उभं राहून निवांत मीठ चाटत होतं, आणि सर खडकाआड बसून रागानं उरलेलं सँडविच खात होते.

पोटभर चाटून झाल्यावर नर वळला, कुंपणावरून उडी टाकून जंगलाच्या हद्दीत गेला आणि संथपणे डोंगर चढू लागला. आता तो मिठापाशी नव्हता. आता तो आपल्या मर्जीनं आपल्या वाटेनं चालला होता. सायकल कुंपणापलीकडे न्यायची नाही, हे त्या सौम्य बाईंनी सांगितलेलंच होतं. डॉक्टरनं काय सांगितलं होतं तेही आठवत होतं. तरी सर तारेखालून सरपटत पलीकडे गेले आणि चढायला लागले.

हे चढणं काही पाहण्यासारखं नव्हतं. एका हातानं झुडूप धरायचं, डावा पाय वर टाकायचा, उजवा त्याच्यामागे ओढून आणायचा. उभी चढण आली की बसून, पाठमोरं, एकेक वीत करत सरकायचं. नर काही घाईत नव्हता. तो चार पावलं चाले, गवत उपटे, परत चाले. सर एका काळ्या खडकाशी पोचले तेव्हा गुडघा भट्टीत घातल्यासारखा झाला होता. तिथून पुढंही ते गेले. का गेले हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. नर आता समोरच्या उतारावर होता, पण पाठमोरा. आणि दाट झाडी त्याच्यापासून पाच पावलांवर. पाठमोऱ्या जनावरावर सर गोळी झाडत नसत.

तेवढ्यात खाली हौदाकडे काहीतरी घडलं. काय घडलं ते सरांना नंतर, ओल्या खुणांवरून आणि एका गाईच्या चेहऱ्यावरून कळलं. गडबडीत ते सायकल बंद करायला विसरले होते आणि मुठींना मिठाचे हात लागले होते. गव्हाणीशी जागा न मिळालेली एक गाय त्या मुठी चाटत होती. चाटता चाटता तिची जीभ कळीवर पडली. सायकल स्टँडवरून सुटली, एक उडी घेऊन हौदाच्या कठड्यावर आदळली आणि गाड्यासकट पाण्यात गेली. पत्र्याचा हौद सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा वाजला.

नरानं मान वर केली. काय झालं ते पाहायला तो सबंध आडवा वळला आणि उभा राहिला.

सरांनी एकच गोळी झाडली.

त्यानंतर ते बराच वेळ त्या जनावरापाशी बसून होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मग उठून, रीतीप्रमाणे जनावर सोलून, साफ करून, मांस झाडाला टांगून ते कड्यावर गेले. तिथं फोनला एक रेघ होती. लोर्नाला सांगितलं. मग म्हणाले, "आणि... ऑर्विलला विचार, खेचरं मोकळी आहेत का."

ऑर्विल खेचरं घेऊन आला. लोर्ना त्याच्याबरोबर चालत आली. सरांनी सगळी उत्तरं तयार ठेवली होती; पण ऑर्विल काही बोललाच नाही. त्यानं मांस सिनेटरवर चढवलं, शिंगं बांधली, खाली आल्यावर हौदात बुडालेल्या सायकलकडे एकदा पाहिलं आणि खेचराच्या मानेवर थोपटलं. तो टोमणा मारता तर सरांना सोपं गेलं असतं.

सायकल थोराबाईनं ट्रॅक्टरनं बाहेर काढली. म्हणाली, राहू दे माझ्या गोठ्यात, वाळेल. ती वाळली आणि सुरूही झाली. पण परत न्यायला सर गेले त्या दिवशी थोराबाईच ती घेऊन कुंपण तपासायला गेली होती, आणि तिच्याकडून ती मागून घ्यायची छाती सरांना झाली नाही. बदल्यात कुरण त्यांना कायमचं खुलं झालं. गावात मात्र पसरलं ते एवढंच, की हाउगेन सरांना एल्क सायकलनं मिळवून दिला. सर प्रामाणिक पडले. तसं नाही, असंही त्यांना छातीठोक म्हणता येईना. डेलनं दोघातिघांना तसली सायकल घ्यायला लावली.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी गावाच्या रस्त्यावर वनरक्षकाची चौकी होती. तिथं प्रत्येक शिकाऱ्यानं थांबायचं असतं. वनरक्षक कोल्बी हा बाकावरचा जुना विद्यार्थी. त्यानं शिंगं पाहून शीळ घातली आणि परवान्यावर नजर फिरवून "जा, सर" म्हटलं. सर गेले नाहीत. ते लंगडत लोर्नानं आणलेल्या जीपमधून उतरले आणि त्यांनी सगळं सांगितलं: मीठ कुणाचं, ठेवलं कुणी, नर किती वेळ चाटत होता, आपण का थांबलो, कुंपण कुठं ओलांडलं. मागं गाड्यांची रांग लागली. ऑर्विल आणि लोर्ना ऐकत होते.

"परवाना काढून घ्यायचा असेल तर घे," सर म्हणाले. "पण मला विचारायचंच होतं."

कोल्बीनं कान खाजवला.

"सर, गुरांना ठेवलेलं मीठ चालतं. त्याला आमिष म्हणत नाहीत. तुम्ही ते गुरांनाच नेलं होतं ना?"

"गुरांनाच."

"मग तिथंच मारला असतात तरी चाललं असतं."

रांगेत कुणीतरी खोकलं. ऑर्विल दिवसभरात पहिल्यांदाच बोलला.

"हौदापर्यंत तर माझी पिकअप जाते. उगाच खेचरं आणली."

सर गाडीत येऊन बसले. लोर्नानं गाडी सुरू केली. नदीच्या वळणावर आल्यावर त्यांनी तिला जरा थांबायला सांगितलं. डोंगरावर अजून थोडं ऊन होतं.

"गुडघा फार दुखतोय का?" तिनं विचारलं.

"दुखतोय." त्यांनी काच खाली केली आणि बोट दाखवलं. "तो काळा खडक दिसतो? कुंपणाच्या वर?"

लोर्नानं दुर्बीण घेतली, शोधला. बराच वेळ ती पाहत राहिली. "तिथपर्यंत चढलास तू? या पायानं?"

"तिथपर्यंत नाही," हाउगेन सर म्हणाले. "तिथून आणखी वर."